शाळाप्रवेश आणि कागदपत्रांचा प्रश्न

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, खाडीच्या अंगाला कोपरी ही वस्ती आहे. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. अशाच निर्वासितांच्या कल्याणजवळील छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार मागे टाकून निघालेल्या माणसाजवळ मुलाच्या जन्माचा किंवा शाळेचा दाखला असेलच, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होते. म्हणून कागद निर्माण करण्याचे काम शासनालाच अंगावर घ्यावे लागले. निर्वासितांच्या नोंदणीसाठी मुंबई राज्याने १९४८ साली कायदा केला. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना विहित अटींवर नागरिक मानले; त्यानंतर आलेल्यांसाठी अर्ज करून नोंदणी करून घेण्याची वाट ठेवली. सिंधमधील हैदराबादेत १९२२ साली स्थापन झालेले नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्रे येथे पुन्हा उभे राहिले.

आज ठाणे जिल्ह्यात शाळेच्या दाराशी येणारी कागदाविना मुले वेगळ्या घरांतील आहेत. कोणी बांधकामावरील मजुरांची, कोणी दिवाळीनंतर वीटभट्टीवर येणाऱ्या कुटुंबांची, कोणी परराज्यांतील, तर कोणी सीमेपलीकडून आलेल्यांची. या सर्वांना पहिला प्रश्न एकच विचारला जातो : दाखला कुठे आहे? या प्रश्नाला कायद्याने काय उत्तर दिले आहे, हे शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी नीट जाणून घेतले पाहिजे.

कायद्याची भूमिका

संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील स्वातंत्र्ये ‘नागरिकांना’ दिलेली आहेत. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २१-क मध्ये मात्र ‘सहा ते चौदा वर्षे वयाची सर्व बालके’ असा उल्लेख आहे. हा शब्दभेद महत्त्वाचा होय. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातही बालकाची व्याख्या केवळ वयावरून केलेली आहे.

या अधिनियमाच्या कलम १४ अन्वये वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ अन्वये शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, तरी त्यासाठी प्रवेश अडवून ठेवता येत नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांत जन्मदाखल्याला पर्याय दिलेले आहेत : रुग्णालयातील किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीतील नोंद, अथवा पालकाचे वयाविषयीचे घोषणापत्र. कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांतील बालकांचा प्रवेश सुनिश्चित करण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर सोपविले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

दोन प्रश्न, दोन यंत्रणा

येथे एक शंका साहजिकच उपस्थित होते. पालक परदेशी असून त्यांच्याजवळ वैध कागद नसतील तर? त्यांच्या वास्तव्याचा निर्णय हा केंद्र शासनाच्या अखत्यारीतील विषय आहे. परदेशी विद्यार्थ्यास प्रवेश दिल्यास त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचे कर्तव्य २०२५ च्या स्थलांतर व परदेशी नागरिक अधिनियमाने शैक्षणिक संस्थांवर टाकले आहे, व ते पाळलेच पाहिजे. परंतु माहिती कळविणे निराळे आणि मुलाला वर्गाबाहेर ठेवणे निराळे. नागरिकत्वाचा निवाडा करणे हे मुख्याध्यापकाचे काम नव्हे.

हा पेच इतर देशांनाही पडला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९७५ मध्ये अशा मुलांच्या शिक्षणासाठी निधी न देण्याचा कायदा केला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द ठरविला. आईबापांच्या कृतीची शिक्षा मुलांना देणे न्यायाचे नव्हे, हा त्या निकालामागील एक प्रमुख विचार होता.

अडचण व उपाय

आपल्याकडील अडचण बहुधा कायद्यात नसून व्यवहारात असते. अलीकडे शिक्षकांची पदे ठरविणाऱ्या संचमान्यतेत आधार-पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या विचारात घेतली जाऊ लागली. त्यामुळे कागद नसलेला विद्यार्थी शाळेला ओझे वाटण्याचा धोका निर्माण झाला. यावर उपाय प्रवेश टाळणे हा नसून, मूल पटावर घेऊन त्याचे कागद पूर्ण करण्यास साहाय्य करणे हा आहे.

पंचायत सदस्यांनी भट्ट्या व बांधकामांवरील मुलांची यादी करावी. अंगणवाडी सेविकेने नोंद जपावी. हंगामात गाव सोडणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड देण्यात यावे आणि नव्या ठिकाणच्या शाळेने ते पाहून त्यास वयानुरूप वर्गात बसवावे.

अधिनियमाचे संरक्षण चौदा वर्षांपर्यंतचे आहे. पुढील शिक्षणात सवलती व राखीव जागांसाठी अधिवासाचा दाखला लागतो आणि राज्यात त्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पहिलीत झालेली पटावरील नोंद त्या वेळी मोलाची ठरते. ती नोंद वेळेवर करणे शाळेच्या हाती आहे.