संत्र्याच्या पानावरील अळी

प्रश्न : नागपुरातील आमच्या अंगणात झेंडू भरपूर फुलतो, तरी फुलपाखरे क्वचितच येतात. उपाय कोणता? बीही घरीच राखायचे आहे.

उत्तर : मकरंद देणाऱ्या झेंडू-झिनियाइतकीच अळीचे पोषण करणारी झाडेही आवश्यक आहेत, संत्रा, लिंबू वा कढीलिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी अळी ही लिंबावरील फुलपाखराचीच संतती असल्याने, संत्र्याचे बागाईतदार तिला उपद्रवी मानीत असले तरी, अंगणातील झाडावर औषध फवारण्यास माझी सक्त मनाई आहे. फुलपाखरांच्या अळ्यांना पोसणारी कुंपणाची रुईही तोडू नये.

बियांसाठी देशी वाणाची निरोगी फुले झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत, बी सावलीत सुकवून कोरड्या राखेसह बरणीत भरावे व वर्षाची नोंद करावी; संकरित वाणाच्या बियांतून मूळचेच फूल येईल याची हमी नसते. पेरणी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर करावी.