आधी कागद वाचावा

दूरचित्रवाणीवर निवेदक होण्याची मनीषा बाळगणारे तरुण भेटावयास आले म्हणजे त्यांची पहिली पृच्छा चेहऱ्याविषयी असते आणि माझे पहिले सांगणे कागदाविषयी असते. कारण ज्या प्रशिक्षणसंस्थेने ‘वाहिनीवर नोकरीची हमी’ अशी जाहिरात करून माझ्याकडून वर्षाची सगळी फी आगाऊ वसूल केली, तिच्या छापील करारनाम्यात, शेवटच्या पानावर, बारीक टाइपात ‘संधी मिळविण्याकामी यथाशक्ति साहाय्य’ एवढाच मजकूर होता, आणि मुदत उलटल्यावर कैफियत मांडावयास गेलो असता त्याच ओळीवर बोट ठेवून मला वाटेला लावण्यात आले. अर्जाचे जाहीर केलेले माफक शुल्क ही गोष्ट निराळी. परंतु स्क्रीन टेस्ट, पोर्टफोलिओ वा ‘आतली ओळख’ यांच्या नावाखाली जो भरमसाट रक्कम मागतो, त्याची उपजीविका उमेदवारांच्या खिशावरच चाललेली असते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

काम मिळाल्यावरही पुष्कळांस दरमहा वेतन नसते. ज्या दिवशी बोलावणे येईल त्या दिवसाचा मोबदला, एवढाच हिशेब असतो. म्हणून रक्कम किती, ती किती दिवसांत मिळणार आणि अन्यत्र काम करण्यास मनाई आहे काय, या तीन बाबींची लेखी खातरजमा केल्यावाचून सही करू नये, आणि पहिली काही वर्षे दुसरा चरितार्थ सोडू नये.

आता खरी विद्या. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर दशकानुदशके ज्यांनी तेथे बातम्या वाचल्या त्या प्रदीप भिडे यांचे नाव काढताच मराठी माणसाला आधी आठवतो तो त्यांचा आवाज, ही गोष्ट उमेदवाराने मनावर कोरून ठेवावी. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारा ‘जग’ लिहिण्यात एकच असले, तरी पहिल्यातला ज तालव्य आहे, दुसऱ्यातला दंततालव्य. आणि 59 हा आकडा दिसताच जिभेवर ‘एकोणसाठ’ न अडखळता यावयास हवे. थेट प्रक्षेपण चालू असता एकदा टेलिप्रॉम्प्टरवरील मजकूर मध्येच थबकला, तेव्हा मला तारले ते मेजावरील सुट्या कागदांनी. ते टाचलेले नसतात, कारण पान उलटल्याची सळसळ माइक टिपतो, म्हणून वाचून झालेले पान हलकेच बाजूस सरकवावयाचे असते आणि नजर पुढील वाक्यावर नेऊन पुन्हा कॅमेऱ्याकडे आणावयाची असते. हे कसब केवळ सरावाने येते.

आरंभासाठी आकाशवाणीइतके उत्तम स्थान मला दुसरे ठाऊक नाही. तिच्या केंद्रांवर नैमित्तिक उद्घोषकांची निवड परीक्षा व आवाजचाचणी घेऊन होते, तिची जाहिरात निघताच अर्ज करावा. तोवर रोज वर्तमानपत्रातील बाजारभावाचे अर्धे पान मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावे, घरातील वडीलधाऱ्यांस ते एकदाच ऐकवावे आणि कांद्याचा भाव काय निघाला, हे त्यांनाच विचारावे.