घरांतील हवा

अन्नावांचून मनुष्य कांहीं आठवडे व पाण्यावांचून कांहीं दिवस काढूं शकतो. हवेवांचून मात्र त्यास कांहीं मिनिटांपलीकडे काढतां येत नाहीं. असें असूनही आपण धान्य निवडून घेतों, पाणी गाळून पितों, आणि हवा मात्र मिळेल तशी घेतों. म्हणून घरांतील हवा बिघडते कशी व सुधारावी कशी, हें थोडक्यांत पाहूं.

चौसाळ्याच्या परिसरांतील चुलींत पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचें सरपण व गोवऱ्या जळत आल्या आहेत. जळण ओलें असलें किंवा चुलींत हवा पुरेशी शिरली नाहीं, म्हणजे तें अर्धवट जळतें. मग काजळीचे सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. अडीच मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या भागाहूनही बारीक, फुप्फुसांच्या तळापर्यंत पोंचतात. धुरानें डोळे चुरचुरतात म्हणून तो कळतो. पण त्या वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. यास्तव थंडींत दारें लावून, पेटती शेगडी उशाशीं ठेवून निजणें म्हणजे मृत्यूस घरांत घेणें होय.

हा त्रास सर्वांस सारखा होत नाहीं. चुलीपुढें बसते ती आई, आणि तिच्या मांडीवर असतें तें तान्हें मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे २०२० सालीं, घरांतील धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. त्यांत पांच वर्षांखालील बालकें २ लक्ष ३७ हजारांहून अधिक होतीं.

आपल्या पूर्वजांस यावरील एक उपाय ठाऊक होता. जुन्या माळवदास साणे ठेवीत. उष्ण हवा हलकी होऊन वर चढते व साण्यांतून निघून जाते. तिच्या जागीं दारांतून ताजी हवा येते. आतां सिमेंटचा स्लॅब आला, साणे गेलें, आणि चूल कित्येक ठिकाणीं तशीच राहिली. वर्ध्यास १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडींत धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली, ती याच तत्त्वावर.

उपाय असे : एक, जळण वाळवून व बारीक फोडून घालावें. दोन, खिडकी व तिच्या समोरचें दार स्वयंपाकाच्या वेळीं उघडें ठेवावें. छताजवळ झरोका असल्यास उत्तम. तीन, धुराड्यांतील काजळी वेळोवेळीं काढावी. चार, १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें अनेक घरीं गॅस आला आहे. तो चहापुरता न ठेवतां भाकरीसही वापरावा. पांच, डासांची वेटोळी उदबत्ती बंद खोलींत न लावतां मच्छरदाणी बांधावी.

आतां एक प्रयोग करा. स्वयंपाकघरांत उदबत्ती लावून तिचा धूर कोणीकडे जातो तें पहा. तो बाहेर न जातां वरच घोटाळत राहिला, तर झरोका कोठें हवा तें समजेल. मग आई दिवसांतून किती वेळ तेथें बसते, तें घड्याळ पाहून लिहा व तो कागद वडिलांस दाखवा. पालकांस विनंति एवढीच कीं, घराची डागडुजी काढाल तेव्हां पहिला खर्च त्या झरोक्यावर करावा.