हेवी लायसनपासून पहिल्या नोकरीपर्यंत

जड वाहन चालवण्याचे लायसन वयाच्या विसाव्या वर्षाआधी मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये आणखी एक अट आहे. हलक्या वाहनाचे पक्के लायसन मिळून एक वर्ष झाल्याशिवाय जड वाहनाचे कच्चे लायसनही निघत नाही. बारावीनंतर या व्यवसायात येऊ पाहणाऱ्याला त्यामुळे दोनेक वर्षे थांबावे लागते. हा काळ वाया जाऊ देण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेल्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या लायसनवर, भारासह एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेले मालवाहू वाहनही चालवता येते. छोटा हत्ती किंवा पिकअप घेऊन भाजीपाला मार्केट यार्डात पोहोचवणारा मुलगा वजन, चढ आणि ब्रेक यांचे नाते आधीच शिकून येतो. विसाव्या वर्षाची अट अशा मालवाहू वाहनालाही लागते का, हे मात्र आरटीओ कार्यालयात विचारून मगच सुरुवात करावी.

परिवहन लायसनसाठी पूर्वी आठवी उत्तीर्ण असणे सक्तीचे होते. २०१९ मध्ये ही अट काढली गेली. तरी बिल्टी, ई-वे बिल, परमिट, फिटनेस आणि विम्याची तारीख चालकाला वाचता आलीच पाहिजे. ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. ती उलटून गेल्याचे लक्षात आले नाही, तर गाडी रस्त्यातच अडकते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-अ, या लायसनला वय कितीही असले तरी लागते. दृष्टी आणि रंगांची ओळख यांची तपासणी ड्रायव्हिंग स्कूलची फी भरण्याआधीच करून घेणे शहाणपणाचे.

खरा प्रश्न शाळेचा असतो. जड वाहनाच्या लायसनसाठी परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ५, लागते. इथेच बाजार सुरू होतो. ‘लायसन हमखास’ असा बोर्ड लावणारी शाळा शिकवण्यापेक्षा कागद पुरवण्यात तरबेज असण्याची शक्यता जास्त. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १५ तास असावेत. प्रत्येक शिकाऊने किती तास गाडी चालवली याची नोंद शाळेने ठेवायची असते. पालकांनी फी विचारण्याआधी ती नोंदवही दाखवायला सांगावी. शाळा कशी आहे ते मालकाच्या तोंडावरून तिथेच कळते.

तासांचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. एका ट्रकमध्ये पाच-सहा मुले बसवून तासभर फेरी मारली, तर प्रत्येकाच्या हाती स्टिअरिंग जेमतेम दहा मिनिटे येते. असे ३० दिवस काढले तरी पाचच तास होतात. म्हणून विचारायचे ते असे: एका बॅचला मुले किती, गाडी कोणती, ती रिकामीच फिरते की कधी भरलेलीही असते, शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळे ब्रेक आणि क्लच आहेत का. प्रशिक्षणाची गाडी जुनी असेल तर आणखी एक अडचण येते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिने आली. या पिढीच्या बहुतेक ट्रकमध्ये डिझेलबरोबर युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते आणि डॅशबोर्डवर सेन्सरच्या सूचना दिसतात. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीवर शिकलेला मुलगा नव्या गाडीतला लाल दिवा पाहून गोंधळतो.

जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे वेगळे नियम लागू आहेत. तिथे मध्यम आणि जड वाहनांचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत पुरा करायचा असतो. केंद्राकडे किमान दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि टेस्ट ट्रॅक असावा लागतो. शिकवणारा बारावी उत्तीर्ण आणि किमान पाच वर्षे गाडी चालवण्याचा अनुभव असलेला हवा. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. मात्र नुसता ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द पाहून भुलू नये, कारण तो साध्या शाळाही पाटीवर लिहितात. मान्यता या नियमांखालची आहे का, हे आरटीओत विचारता येते. वाहन उद्योगाशी जोडलेल्या प्रशिक्षण संस्थाही आहेत. पुण्याजवळ भोसरीला १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था काम करते. तमिळनाडूत ट्रकचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नामक्कलला अशोक लेलँडची चालक प्रशिक्षण संस्था आहे. घरापासून लांब राहण्याचा खर्च झाला तरी अशा ठिकाणी शिकणे गल्लीतल्या स्वस्त शाळेपेक्षा बहुधा फायद्याचे ठरते.

शाळेत काय यायलाच हवे? सरळ रस्त्यावर गिअर बदलणे सगळेच शिकतात. कस लागतो तो रिव्हर्समध्ये, अरुंद फाटकात आणि घाटात. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, हे डोक्यात पक्के बसेपर्यंत ट्रक वस्तीत नेऊ नये. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते. त्याचा सराव मोकळ्या मैदानात दिवसचे दिवस करावा लागतो.

घाटाचे शिक्षण तर पुष्कळ ठिकाणी दिलेच जात नाही. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकणे, कधी इंजिनही बंद करणे, ही जुनी आणि जीवघेणी सवय आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणून एअर ब्रेकची हवा प्रत्येक दाबागणिक कमी होत जाते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर झालेल्या अपघातांमागे ही सवय एक कारण म्हणून वारंवार सांगितली गेली आहे. घाट चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम जी शाळा प्रत्यक्ष घाटात नेऊन शिकवते, तिला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

पूर्वी मुलगा क्लीनर म्हणून उस्तादाच्या हाताखाली लागायचा. टायर ठोकून पाहणे, दोर आणि ताडपत्री आवळणे, माल मोजून घेणे हे सगळे तो वर्ष-दोन वर्षांत शिकायचा. खर्च वाचवण्यासाठी बऱ्याच मालकांनी क्लीनर ठेवणे बंद केल्याने ही शाळा आता मोडत चालली आहे. म्हणून पहिली नोकरी पगारापेक्षा सोबत पाहून निवडावी. अनुभवी चालकाबरोबर दुसरा चालक म्हणून काही महिने देणारी ट्रान्सपोर्ट कंपनी नवशिक्यासाठी उत्तम. चाकण-भोसरीच्या कारखान्यांचा नेमाने जाणारा माल, न्हावाशेवा बंदराचे कंटेनर आणि कळंबोलीचे लोखंड ही कामे एकमेकांसारखी नाहीत. बंदरावर रांगेत तासन्‌तास जातात, आणि लोखंडाच्या गाडीत भार नीट बांधला नसेल तर पहिलाच जोराचा ब्रेक महागात पडतो.

कमाईत पगार, फेरीचा भत्ता आणि काही ठिकाणी डिझेलच्या ॲव्हरेजवर बक्षीस असे भाग असतात. बोलणी करताना दंड, टायर फुटणे आणि मालातील तूट कोणाच्या खात्यावर पडणार, हे लेखी घ्यावे. जादा माल भरल्यास दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असतो. भरायला सांगतो मालक, पण गाडी चालवत असतो चालक. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यावर ती क्वचितच पाळली गेली. पीएफ आणि नियुक्तिपत्र देणारा मालक रात्रीच्या फेऱ्यांबाबतही बहुधा माणसासारखा वागतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून कित्येक वर्षे तापलेल्याच राहतील.

पालकांची भीती मुख्यतः अपघात आणि व्यसनाची असते. ती अवाजवी नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर तो गुन्हा आहे. व्यावसायिक चालकाच्या हातून असा गुन्हा घडला, तर त्याची रोजीरोटीच धोक्यात येते. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. जमावाच्या भीतीने तिथून निघावे लागले, तर जवळचे पोलीस ठाणे गाठावे.

वाढीचे मार्ग दोन-तीन आहेत. इंधन किंवा रसायनांच्या टँकरसाठी तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि लायसनवर नोंद लागते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येण्याची अटही त्यासोबत आहे. हे काम जबाबदारीचे आणि साध्या मालापेक्षा सहसा बऱ्या पैशाचे. कर्ज काढून स्वतःची गाडी घेण्याची घाई मात्र नको. परतीचे भाडे कुठून मिळते हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा हप्ता रिकाम्या फेऱ्यांत अडकतो. परदेशी जायचे असेल, तर भारतीय लायसनवर तिथे ट्रकची नोकरी मिळेल असे सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहावे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ट्रेलरच्या लायसनसाठी जुलै २०१७ पासून किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. तिथे जाणाऱ्याने त्या प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा खर्च आधीच धरून चालावे.