आधी माणूस ठरव, मग कॅमेरा

रत्नागिरी
12 नोव्हेंबर 2025

चि. अनिकेत यास,


तुझा मेसेज मिळाला. लांज्याच्या बागेत सिमकार्डवर चालणारे चार कॅमेरे लावायचे, ते तुझ्या ताईने डिसेंबरात न्यू जर्सीहून येताना तिकडच्या सेलमधून आणायचे आणि मग डोंबिवलीत बसून बागेवर नजर ठेवायची, असा तुझा बेत दिसतो. दादाला आता गावाकडच्या खेपा झेपत नाहीत आणि तू आपणहून बागेचं मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच फोनवर दोन शब्दांत न उरकता सविस्तर लिहिते आहे. ताईला मात्र आजच कळव की कॅमेरे आणू नकोस.

कारण सरळ आहे. तिकडचे कॅमेरे तिकडच्या टॉवरसाठी बनलेले असतात. अमेरिकेतलं 4जी मुख्यतः 700, 1700 आणि 1900 मेगाहर्ट्झच्या तिथल्या पट्ट्यांवर चालतं. आपल्याकडे जिओ 850, 1800 आणि 2300 वर चालतं. एअरटेल 900, 1800, 2100 आणि 2300 वर. एखादा पट्टा जुळलाच तरी नेमका तोच आपल्या डोंगराला पोचेल असं नाही. शिवाय तिकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सिम आतच बसवलेलं असतं आणि फोटो त्या कंपनीच्या सर्व्हरवरून, दरमहा वर्गणी भरून यायचे असतात. इथे आल्यावर त्याचा साधा कॅमेरा होतो आणि सिमसाठी मोजलेले पैसे फुकट जातात. इथे घेतानाही खोक्यावर नुसतं '4जी' लिहिलेलं पाहून थांबू नकोस, कुठले बँड चालतात ते विचार. जिओसाठी 3, 5 आणि 40 हे आकडे दिसले पाहिजेत. एअरटेलसाठी 1, 3, 8 आणि 40. त्यातला 5 किंवा 8 हा कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा असणं आपल्यासाठी फार महत्त्वाचं, कारण झाडोऱ्यातून आणि उतारावरून तोच लांब पोचतो. दुकानदाराला हे सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघ. 3जीवर चालणारा जुना माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस.

पण हे सगळं नंतरचं. तुझ्या बेतात मला जी गोष्ट दिसली नाही ती आधी सांगते. एप्रिलमधली रात्र आहे, अडीच वाजले आहेत, तुझ्या फोनवर फोटो आला आणि त्यात दोन माणसं आणि एक पोतं दिसलं. तू डोंबिवलीत. बागेत कोण जाणार?

या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर चार काय, चाळीस कॅमेरे लावलेस तरी तुला चोरी फक्त आधी कळेल, थांबणार नाही. आपल्या जिल्ह्यात कितीतरी बागा नेपाळी राखणदारांच्या भरवशावर उभ्या आहेत. पावसाळा सरला की ही माणसं बायकामुलांसह येतात, बागेतल्या खोपटीत राहतात आणि आंबा उतरला की परततात. तुझ्या बागेतही यंदा कुटुंब आलं आहे. कॅमेरा आणायच्या आधी त्या माणसाशी बस आणि बोल. फोटो त्याच्याही फोनवर गेला पाहिजे, वाडीतल्या आपल्या एका भरवशाच्या माणसाच्या फोनवरही गेला पाहिजे. म्हणून कॅमेरा घेतानाच विचार की एकाच वेळी तीन-चार फोनवर सूचना जाते का. आणि राखणदाराला स्पष्ट सांग: रात्री एकट्याने कुणाच्या अंगावर जायचं नाही. बॅटरी मारायची, आरडाओरडा करायचा, वाडीला फोन करायचा, 112 ला फोन करायचा. आंब्याच्या पेटीपेक्षा त्याचा जीव मोठा आहे.

त्याला हेही सांग की कॅमेरा त्याच्यावर पाळत ठेवायला नाही. खोपटीकडे, पाण्याच्या टाकीकडे, त्याची बायको वावरते तिकडे कॅमेऱ्याचं तोंड वळता कामा नये. मालकाने न सांगता लावलेला कॅमेरा राखणदाराला दिसला की त्याचं मन उडतं, आणि मन उडालेला राखणदार बाग राखत नाही. हा विश्वास एकदा गेला की कुठल्याही यंत्राने भरून येत नाही.

आता रेंज. आपली बाग अर्धी सड्यावर आणि अर्धी पऱ्याच्या उतारावर आहे. सड्यावर फोन छान लागतो, खाली उतरलं की तोच फोन मुका होतो. म्हणून बागेत येताना जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल अशी तिन्ही सिमं घेऊन ये. बीएसएनएलचं देशी बनावटीचं 4जी सप्टेंबरपासून सुरू झालं आहे, तेही तपास. ज्या झाडावर कॅमेरा लावायचा त्याच झाडाशी, त्याच उंचीवर फोन धर. फोन फक्त 4जीवर ठेव आणि एक फोटो पाठवून बघ. पडद्यावरच्या दांड्या मोजून काही कळत नाही. फोटो जातो की नाही आणि किती वेळात जातो, हीच कसोटी. रेंज कमजोर असेल तिथे कॅमेरा जास्त जोर लावून पाठवत राहतो आणि बॅटरी भराभर संपते. सिम आधी फोनमध्ये घालून त्याचा पिन काढून टाक, ते स्वतःच्या नावावर ठेव आणि रिचार्ज कधी संपतो ते कॅलेंडरवर लिही. भर मोसमात कॅमेरा गप्प झाला की माणसं बॅटरी तपासत बसतात, आणि संपलेला असतो रिचार्ज.

मात्र चारही ठिकाणी सिमवाला कॅमेरा हवा, हे मला पटत नाही. बागेत दोन वेगळ्या गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. बेड्यातून, म्हणजे बागेच्या फाटकातून, आत्ता कोण शिरलं, हे त्याच क्षणी कळलं पाहिजे. पण खालच्या अंगाला कलमांची मुळं कोण उकरतं, रानडुक्कर की साळिंदर, हे आठवड्याने कळलं तरी चालतं. पहिल्यासाठी सिम हवं, दुसऱ्यासाठी बिनसिमचा साधा ट्रॅप कॅमेरा पुरे. राखणदाराने कार्ड काढून आणावं. वनखात्याचं आणि अभ्यासकांचं बहुतेक काम अशाच कार्डवाल्या कॅमेऱ्यांवर चालत आलं आहे. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि सुमारे साडेतीन कोटी फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आपल्या सह्याद्रीत चांदोलीच्या रानात वाघ फिरतो आहे हे डिसेंबर 2023 मध्ये अशाच कॅमेऱ्याने दाखवलं. रानाच्या पोटात रेंज नसते आणि तिथे घाईही नसते. तुला घाई फक्त बेड्यावर आहे, तीही काजूची बी पडू लागते तेव्हापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत.

बाजारात दोन वस्तू '4जी कॅमेरा' या एकाच नावाने विकल्या जातात, त्यांत गल्लत करू नकोस. वर सोलर पाटी आणि खाली गोल फिरणारं डोकं असलेला '4जी सोलर कॅमेरा' सध्या गावोगाव दिसतो. तो थेट चित्र दाखवतो, बोलतो, ओरडतोही. पण त्याला मोकळं ऊन लागतं, डेटा खूप लागतो आणि तो लांबून ओळखू येतो. घराच्या अंगणात, पंपाशी, आंबा भरायच्या मांडवात तो उत्तम. ट्रॅप कॅमेरा वेगळा: तो झोपलेला असतो, समोरून ऊब असलेलं काही हललं की जागा होतो, फोटो काढतो, पाठवतो, पुन्हा झोपतो. म्हणून तो बॅटरीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि डेटाही थोडाच खातो. कलमांच्या दाट सावलीत सोलर पाटी काम करत नाही, तिथे हाच हवा.

त्याच्या जागं होण्यात मात्र आपल्याकडे एक अडचण आहे. तो अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक ओळखतो. एप्रिल-मेच्या दुपारी कातळ इतका तापतो की तो फरक जवळजवळ उरत नाही आणि समोरून माणूस गेला तरी कॅमेरा जागा होत नाही. उलट तापलेलं गवत वाऱ्याने हललं की शेकडो रिकामे फोटो येतात. आणि काजूची बी पळवणारे नेमके भर दुपारी येतात, सगळे जेवायला गेलेले असताना. उपाय इतकाच: कॅमेरा सावलीतल्या वाटेवर रोख, समोरचं गवत आणि खालच्या फांद्या साफ ठेव, तोंड उत्तरेकडे कर म्हणजे ऊन भिंगात शिरणार नाही, आणि दुपारची राखण माणसावरच ठेव. जनावरासाठी कॅमेरा गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. माणसासाठी हात पोचणार नाही इतका उंच आणि तिरका, खाली रोखलेला. वाटेच्या अगदी आडवा लावू नकोस, थोडा तिरपा लाव, म्हणजे चालता माणूस चौकटीत जास्त वेळ राहतो.

रात्रीच्या अदृश्य उजेडाचे दोन प्रकार मिळतात. 850 नॅनोमीटरचा लांब पोचतो, पण त्याचे दिवे अंधारात लालसर लुकलुकतात. 940 चा अजिबात दिसत नाही, मात्र तो थोडा आखूड पडतो. बेड्यावर 940 चाच घे, चोराला कॅमेरा दिसला तर तो कॅमेराच घेऊन जाईल. मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्यांना भुलू नकोस. पाठवताना फोटो लहान करूनच जातो, मूळ फोटो कार्डात राहतो. दहा सेकंदांची चित्रफीत पाठवायच्या मोहातही पडू नकोस, डेटा आणि बॅटरी दोन्ही खाते.

पावसाचं वेगळं सांगायला हवं का? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खोक्यावर आयपी66 असलं तरी झाकणाचं रबर एकदा नीट बसलं नाही तर आत दमट होऊन भिंगावर वाफ धरते. मृगाआधी सिमवाला कॅमेरा उतरवून, सेल काढून घरी कोरडा ठेव. चार महिने बागेत चोरण्यासारखं काही नसतं, आणि वादळ-पावसात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही बंद पडतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस ना वीज होती ना फोन. उन्हाळ्यातही दर पंधरवड्याला कॅमेरा उघडून बघायला सांग. आत मुंग्या घर करतात, कुंभारीण माशी भोकात माती भरते, कोळी भिंगापुढे जाळं विणतो आणि रात्रभर त्या जाळ्याचेच फोटो येतात. वानरं अँटेना पिरगाळतात. हे सगळं होणारच, म्हणून पट्ट्यासोबत लोखंडी पेटी आणि कुलूपही घे.

वणव्यासाठी मात्र या कॅमेऱ्यावर विसंबू नकोस. लांबून येणारी आग त्याला कळत नाही, आणि जवळ आली की उशीर झालेला असतो. गडग्याच्या बाहेरून गवत काढून जाळरेषा आखणं हे काम जानेवारी संपायच्या आत माणसांकडूनच करून घे. कॅमेऱ्याचे पैसे आणि जाळरेषेचे पैसे यांतून एकच निवडायचं झालं तर जाळरेषा निवड.

आता जे सांगते ते नीट मनात ठेव. आपल्या बागेच्या कडेने गावाची पाखाडी जाते आणि खाली पऱ्यावर बायका धुणं धुतात. तिकडे कॅमेऱ्याचं तोंड एक अंशही वळलं तर मला चालणार नाही. कायद्यानेही चालत नाही. स्त्रीचं नकळत खासगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. बेड्यावर मराठीत आणि हिंदीत पाटी लाव की आत कॅमेरे आहेत. चोरीचा फोटो आला तर तो गावाच्या ग्रुपवर टाकून कुणाचं नाव घेऊ नकोस. अंधारातल्या धूसर चेहऱ्यावरून ओळख पटली असं वाटतं आणि नको त्या घराची बदनामी होते. मूळ कार्ड काढून जपून ठेव आणि पोलिसांत दे. न्यायालयात असा पुरावा द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं, म्हणून कॅमेऱ्याची तारीख-वेळ पहिल्या दिवसापासून बरोबर असली पाहिजे.

जनावरांच्या फोटोंनाही हीच शिस्त. गव्याने किंवा डुकराने नुकसान केलं तर लगेच वनविभागाला कळव, त्यांचा 1926 हा क्रमांक आहे. तारीख-वेळ असलेला फोटो पंचनाम्याला आधार देतो. बिबट्या दिसला तर राखणदाराला आणि वाडीला सांग, मुलांना अंधारात एकटं सोडू नका म्हण, पण फोटो पसरवू नकोस. आणि एखाद्या रात्री खवले मांजर दिसलं तर वनखात्याशिवाय कुणालाच बोलू नकोस. त्याच्या खवल्यांसाठी तस्करी चालते, एका फोटोवरून बीळ सापडतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आपल्या जिल्ह्यात त्याच्या रक्षणाचं मोठं काम केलं आहे. बिळांवर कॅमेरे लावून त्याचा अभ्यास केला, गावोगाव लोकांना समजावलं, आणि डुगवे गावात तर त्याचा खवलोत्सव झाला. आपल्या जमिनीत ते राहत असेल तर मला त्याचा आंब्याइतकाच अभिमान वाटेल.

तेव्हा चार नको. एक सिमवाला इथेच घे आणि बेड्यावर लाव, एक साधा कार्डवाला खालच्या अंगाला. मेअखेरपर्यंत त्यांचं काम बघ, मग पुढचं ठरवू. येत्या शनिवारी पहाटेच्या गाडीने ये, तिन्ही सिमं आणि एक जुना फोन बरोबर आण. मी लांज्याला येते, राखणदाराशी आपण दोघं मिळून बोलू. दादाला आणि वहिनीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
आत्या