तयार नाद आणि घडविलेला नाद

मळवली स्थानकावर उतरून डोंगराच्या दिशेने चालू लागले म्हणजे भाजे गावाच्या वर कोरलेली भाजे लेणी दिसू लागतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास ह्या लेण्यांच्या कामास आरंभ झाला. तेथील एका विहाराच्या ओवरीत एक शिल्प आहे. त्यात एक स्त्री नृत्य करीत आहे आणि दुसरी चर्मवाद्य वाजवीत आहे. दगडातील वाद्याचा नाद कोणास ऐकू येणार? परंतु चर्मवाद्य आपोआप सुरात येत नाही. वाजविण्यापूर्वी ते कोणाच्या तरी हातांनी जुळवावे लागते, एवढे खरे.

मावळातील भजनांत आजही पखवाज वाजतो. भजनास आरंभ होण्यापूर्वी पखवाजवादक काय करतो, ते पाहण्यासारखे असते. मळलेल्या कणकेचा गोळा तो डाव्या तोंडावर थापतो, हात मारून पाहतो, आणि आवाज फार उंच वाटला तर आणखी थोडी कणीक लावतो. उजव्या तोंडावर शाईचा काळा लेप कायमचाच असतो. तेथे चामड्याच्या वादीखाली बसविलेले लाकडी गट्टे हातोडीने ठोकून तो स्वर चढवितो किंवा उतरवितो. लोणावळ्याच्या पावसात कातडे ओलावा धरते, ढिले पडते, आणि काल जुळविलेला स्वर आज उतरलेला आढळतो. मग पुन्हा हातोडी!

हा खटाटोप निरर्थक नव्हे. नुसत्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या लेपामुळे ते जुळतात. म्हणूनच आपल्या चर्मवाद्यांतून गोंगाट न निघता स्वर निघतो. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९२० साली ही गोष्ट जगाच्या नजरेस आणून दिली.

आता ह्याच गावांतील मुलांच्या हाती एक नवे वाद्य येऊ शकते. त्यास कातडे नाही, तार नाही, भाताही नाही. संगणकावर चालणारी ती एक आज्ञावली असते. तिला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात. ‘सर्ज एक्सटी’ नावाची अशी आज्ञावली तर विनामूल्य मिळते. ती उघडताच शेकडो तयार नादांची यादी समोर येते. घंटेसारखा, बासरीसारखा, वाऱ्यासारखा, हवा तो नाद निवडावा आणि पट्टी दाबावी की झाले. ह्या तयार नादांस प्रीसेट असे नाव आहे. ज्यास उद्याच्या स्नेहसंमेलनात गाण्याची साथ करावयाची आहे, त्याने असा नाद घेतला तर त्यात काही कमीपणा नाही. मात्र तो कोणीतरी आपल्या गरजेप्रमाणे बांधलेला असतो, आणि त्या माणसाने मावळातील भजन ऐकले असेलच असे नाही.

१९८३ साली जपानच्या यामाहा कंपनीने ‘डीएक्स ७’ हे वाद्य विक्रीस आणले. त्याच्या स्मरणात ३२ नाद होते. नवा नाद घडविण्याची सोयही होती. परंतु चिमुकल्या पडद्यावर पाहून एकेक अंक बदलावा लागे. बहुतेक वादकांनी तो मार्ग सोडून दिला. परिणामी त्या दशकातील लोकप्रिय पाश्चात्त्य गीतांत त्यातील एकच तयार पियानो इतक्या वेळा वाजला, की जाणकारास गायकाच्या आधी वाद्यच ओळखू येई. ब्रायन ईनो ह्या इंग्रज संगीतकाराने मात्र तेच वाद्य चिकाटीने अभ्यासिले आणि आपले नाद आपणच घडविले.

नाद घडवावयाचा म्हणजे करावयाचे काय? पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमारा घडवून पाहावा. प्रथम कोरा नाद उघडावा. त्यात साइन लहर, म्हणजे उपस्वर नसलेली साधी लहर, निवडावी आणि तिची उंची सेकंदास सुमारे ७० आंदोलने ठेवावी. पट्टी दाबताच दूरच्या भोंग्यासारखा सपाट आवाज येईल. आता एन्व्हलपकडे वळावे. नाद किती झपाट्याने उठावा आणि किती वेळात विरावा, हे त्याने ठरते. नाद एकदम उठून अर्ध्या सेकंदात विरू दिला म्हणजे थापेचा भास होतो, पण तो निर्जीव वाटतो. असे का? जोराची थाप पडताच कातडे क्षणभर अधिक ताणले जाते. त्यामुळे स्वर किंचित चढतो आणि लगेच मूळ जागी येतो. म्हणून लहरीच्या उंचीसही एक छोटा एन्व्हलप द्यावा. तो दिल्याबरोबर फरक जाणवतो! तळहाताचा ‘थप्’ अजून राहिलाच. त्यासाठी पावसासारखा खरखराट घ्यावा, त्यातील तीक्ष्ण भाग फिल्टर नावाच्या गाळणीने काढून टाकावा, आणि उरलेला आवाज निमिषमात्र वाजू द्यावा.

मोबाइलच्या बारीक ध्वनिक्षेपकातून इतका खालचा नाद जवळजवळ ऐकूच येत नाही. तेव्हा हेडफोन लावून किंवा भजनी मंडळाच्या मोठ्या ध्वनिक्षेपकावर तो ऐकावा. खऱ्या पखवाजाशेजारी तो उणाच ठरेल. पण नेमके काय उणे आहे, हे आता घडविणाऱ्यास सांगता येईल. गावातील पखवाजवादकास विचारले तर तो बहुधा हसून म्हणेल, “आणखी थोडी कणीक लाव!” म्हणजे ७० चा आकडा आणखी खाली आणावा लागेल.