शिट्टी शिरते कुठून?

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या फोनमधून गिऱ्हाइकाच्या गाडीतल्या स्पीकरची ती शिट्टी मलाही ऐकू आली. ॲक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. म्हणजे ती अल्टरनेटरची आहे. तू लगेच नॉइज फिल्टर आणायला निघालास, तो आणू नकोस. फिल्टरने शिट्टी दबेल, पण ती कुठून शिरते हे गिऱ्हाइकालाही कळणार नाही आणि तुलाही नाही.

आधी अँप बंद कर आणि मगच त्याच्याकडच्या आरसीए पिना काढ. त्या जागी मधली पिन नि बाहेरची कडी आतून जोडलेले प्लग लाव आणि गाडी चालू कर. आवाज गेला, तर दोष अँपच्या अलीकडे, स्टिरिओत किंवा वायरीत. राहिला, तर अँपच्या सप्लायमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा खुद्द अँपमध्ये. स्टिरिओवर संशय असेल, तर त्याऐवजी मोबाइल जोडून गाणं लाव. मोबाइल चार्जरला नको, नाहीतर नवीच भानगड होईल.

बहुतेक वेळा घोळ अर्थिंगचाच निघतो. स्टिरिओचं अर्थिंग डॅशबोर्डमागे, अँपचं डिकीत. गाडीच्या पत्र्यालाही थोडा रोध असतोच. त्यातून अल्टरनेटरचा करंट वाहिला की दोन जागांमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक पडतो. तो फरक आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि अँप त्यालाच गाणं समजून मोठा करतो.

म्हणून डिकीतला अँपच्या अर्थिंगचा बोल्ट उघड. खाली रंग दिसला, तर नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा लख्ख उघडा कर. वायर पॉझिटिव्हइतकीच जाड हवी आणि शक्यतो दीड फुटाच्या आत संपायला हवी. टोकाला नीट दाबलेला लग, खाली स्टार वॉशर. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र कधीही हात लावू नकोस, तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. घट्ट आवळून झालं की वरून ग्रीस किंवा रंग लाव. आपल्या कोकणच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा लगेच गंजतो.

आता मोजायचं. मल्टिमीटर ओहमवर ठेवून समाधान मानू नकोस. तुटक्या वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी ओहम शून्याजवळच दिसतात, पण चाळीस अँपिअर त्यातून नीट जात नाहीत. मीटर डीसी व्होल्टवर ठेव, एक टोक अँपच्या अर्थिंग स्क्रूवर, दुसरं लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हवर. इंजिन चालू, बेस मोठा. ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला, तर वाटेत कुठेतरी जोड ढिला आहे. इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टीही पाहा.

अर्थिंग चोख निघालं, तर हेडलाइट लावून बॅटरीवर एसी व्होल्ट मोज. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले, तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घे. काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी दाखवतात, म्हणून आधी गाडी बंद ठेवून बघ. तिथे शून्याजवळ यायला हवं.

इंजिन बंद असतानाही नुसती सूं ऐकू येत असेल, तर गेन जास्त आहे. तो कमी कर. पॉवरची वायर नि आरसीए गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी ने, हे तुला माहीत आहेच.

सगळे आकडे कागदावर लिहून ठेव आणि रविवारी फोन कर. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा